एका अक्षराची गोष्ट

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. तेव्हा मी विदर्भातील एका उर्दू शाळेत शिकवत होतो. आठवीच्या माझ्या वर्गात एक मुलगा होता. मुलगा हुशार होता, त्याचे हस्ताक्षरही सुंदर होते; पण दर महिन्याला चार-पाच दिवस तो गैरहजर असायचा. कारण विचारले, की खाली मान घालून म्हणायचा, "सर, हातपाय दुखत होते." सहामाही परीक्षेच्या वेळीही तेच घडले. मला राग आला. भर वर्गात मी म्हणालो, "अभ्यास नको असला, की हातपाय बरे दुखतात!" सगळी मुले हसली. तो मात्र काहीच बोलला नाही.

हिवाळ्यात शाळेत आरोग्य तपासणी झाली. डॉक्टरबाईंनी त्याचे पिवळसर डोळे पाहिले, काही प्रश्न विचारले आणि रक्त तपासण्यासाठी त्याला ग्रामीण रुग्णालयात बोलावले. काही दिवसांनी त्याची अम्मी एक कागद घेऊन शाळेत आली. कागदावर लिहिले होते : 'सिकलसेल - एसएस'. "सर, माझा मुलगा खोटं बोलत नव्हता," एवढेच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी वर्गासमोर त्या मुलाची माफी मागितली. मी विज्ञान शिकवणारा शिक्षक; पण माझ्याच वर्गात बसलेला आजार मला ओळखता आला नव्हता. त्यानंतर या आजाराविषयी मी जे वाचले आणि डॉक्टरांकडून जे समजून घेतले, ते आज तुम्हांला सांगणार आहे. ही गोष्ट एका आजाराची आहे, तशीच ती माणसाने मिळवलेल्या एका मोठ्या ज्ञानाचीही आहे.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या रक्ताचा लाल रंग तांबड्या पेशींमुळे असतो. या पेशींत हिमोग्लोबिन नावाचे प्रथिन असते. फुप्फुसातून प्राणवायू घेऊन तो शरीरभर पोहोचवणे हे त्याचे काम. निरोगी तांबडी पेशी गोल, चपटी आणि लवचिक असते. केसाहूनही बारीक रक्तवाहिनीतून ती अंग आकसून सहज पुढे सरकते. ती सुमारे १२० दिवस जगते. सिकलसेलच्या रुग्णाचे हिमोग्लोबिन थोडे वेगळे असते. प्राणवायू सोडल्यावर त्याचे कण एकमेकांना चिकटतात आणि त्यांच्या लांब काड्या बनतात. मग पेशी ताठर होऊन विळ्यासारखी वाकडी होते. इंग्रजीत विळ्याला 'सिकल' आणि पेशीला 'सेल' म्हणतात. त्यावरून या आजाराला सिकलसेल हे नाव पडले. या वाकड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. पुढचा रक्तपुरवठा थांबतो आणि असह्य वेदना होतात. शिवाय अशी पेशी दहा ते वीस दिवसांतच नष्ट होते. म्हणून रुग्णाच्या अंगात रक्त कमी असते, त्याला लवकर थकवा येतो आणि त्याचे डोळे पिवळसर दिसतात.

हा आजार वैद्यकशास्त्राच्या ग्रंथांत प्रथम आला तो अमेरिकेतून. शिकागो शहरातील डॉक्टर जेम्स हेरिक यांनी १९१० साली एका तरुण विद्यार्थ्याच्या रक्तातील अशा विचित्र पेशींचे वर्णन प्रसिद्ध केले. पेशी वाकड्या का होतात, हे मात्र त्यांना सांगता आले नाही. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की दोष पेशीत नसून तिच्यातील हिमोग्लोबिनमध्ये आहे. त्यानंतर काही वर्षांनी इंग्लंडमध्ये व्हर्नन इन्ग्रॅम यांनी आणखी खोल शोध घेतला. हिमोग्लोबिनची बीटा नावाची साखळी १४६ दुव्यांची असते. त्यांपैकी फक्त सहावा दुवा बदललेला होता. बाकी सगळी साखळी जशीच्या तशी होती!

हा एक दुवा का बदलतो? त्यासाठी जनुक म्हणजे काय, हे पाहावे लागेल. आपले शरीर कोट्यवधी पेशींचे बनलेले आहे. बहुतेक पेशींच्या केंद्रकात गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. प्रत्येक जोडीतील एक गुणसूत्र आईकडून आणि एक वडिलांकडून आलेले असते. गुणसूत्रात डीएनए नावाचा लांब धागा असतो. १९५३ साली जेम्स वॉटसन आणि फ्रान्सिस क्रिक यांनी या धाग्याची रचना मांडली. रोझलिंड फ्रँकलिन या विदुषीने घेतलेल्या क्ष-किरण छायाचित्रांचा त्यांना मोठा उपयोग झाला. या धाग्यावर जणू एक मजकूर लिहिलेला असतो आणि त्याची लिपी फक्त चार अक्षरांची असते : ए, टी, जी आणि सी. प्रथिन तयार करण्याची सूचना देणाऱ्या मजकुराच्या तुकड्याला जनुक म्हणतात.

माणसाचा हा संपूर्ण मजकूर सुमारे तीनशे कोटी अक्षरांचा आहे. तो वाचण्याचे काम अनेक देशांतील शास्त्रज्ञांनी मिळून १९९० साली सुरू केले. ते २००३ साली पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. त्यातही काही जागा कोऱ्या राहिल्या होत्या. त्या २०२२ पर्यंत जवळजवळ सर्व भरून निघाल्या. या प्रचंड मजकुरात, अकराव्या गुणसूत्रावर, बीटा साखळीचे जनुक आहे. तेथे एका ठिकाणी 'जी-ए-जी' अशी तीन अक्षरे असतात. सिकलसेलमध्ये त्या जागी 'जी-टी-जी' असते. 'ए'च्या जागी 'टी'. तीनशे कोटींत एक अक्षर!

तुम्ही उर्दू लिहिता, म्हणून हे तुम्हांला चटकन समजेल. एकच शब्द लिहा. पहिल्या अक्षराच्या पोटात नुक्ता दिला, तर तो 'जाल' होतो. नुक्ता दिलाच नाही, तर 'हाल' होतो. नुक्ता वर दिला, तर 'खाल', म्हणजे गालावरचा तीळ होतो. एका ठिपक्याने अर्थ किती बदलतो! शरीराच्या मजकुराचेही तसेच आहे.

हे बदललेले अक्षर मुलाला आई-वडिलांकडून मिळते. ज्याला दोघांपैकी एकाकडूनच बदललेले जनुक मिळाले, त्याला 'वाहक' म्हणतात. तपासणीच्या कागदावर 'एएस' असे लिहिलेले असते. वाहक हा रुग्ण नव्हे. तो सर्वसामान्य आयुष्य जगतो, खेळतो, कष्ट करतो. बहुतेक वाहकांना आपण वाहक आहोत, हे ठाऊकही नसते. ज्याला दोघांकडूनही बदललेले जनुक मिळते, तो रुग्ण. त्याच्या कागदावर 'एसएस' असते. आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याच्या बाबतीत रुग्ण होण्याची शक्यता चारांत एक, वाहक होण्याची चारांत दोन आणि दोन्ही जनुके निर्दोष असण्याची चारांत एक असते. येथे पुष्कळ लोकांचा गैरसमज होतो. 'एक मूल आजारी झाले, आता पुढची तीन निरोगी होतील,' असे ते समजतात. तसे नसते. नाणे प्रत्येक वेळी नव्याने उडवावे लागते. आधी काय पडले, हे नाणे लक्षात ठेवत नाही. मात्र आई-वडिलांपैकी एकच वाहक असेल आणि दुसऱ्याची दोन्ही जनुके निर्दोष असतील, तर मूल सिकलसेलचे रुग्ण होत नाही.

मग असे नुकसान करणारे अक्षर पिढ्यान्‌पिढ्या टिकले कसे? याचे उत्तर फार विचार करण्यासारखे आहे. १९५४ साली अँथनी ॲलिसन या शास्त्रज्ञाने आफ्रिकेतील अभ्यासातून दाखवले, की सिकलसेलच्या वाहकांना घातक मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते. जेथे मलेरियाने मुले दगावत, तेथे वाहक मुले अधिक संख्येने जगली. म्हणूनच आफ्रिका, अरबस्तान, भूमध्य समुद्राचा परिसर आणि भारत येथे हे जनुक आढळते. भारतात ते प्रथम १९५२ साली निलगिरीच्या डोंगराळ भागातील आदिवासींमध्ये दिसून आले. आपल्या राज्यात गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर आणि नंदुरबार या जिल्ह्यांत त्याचे रुग्ण आहेत. आदिवासी बांधवांत हे प्रमाण जास्त असले, तरी हा आजार एका जातीचा किंवा धर्माचा नाही. आता सांगा, हे अक्षर चांगले की वाईट? एका माणसाला ते मलेरियापासून वाचवते आणि दुसऱ्याला आयुष्यभर वेदना देते. निसर्गाच्या मजकुरातील अक्षरांवर चांगले-वाईट असा शिक्का मारणे इतके सोपे नाही.

मजकूर वाचता आला, तशी तो दुरुस्त करण्याची इच्छा माणसाच्या मनात आली. २०१२ साली जेनिफर डाउडना आणि इमॅन्युएल शार्पेंटिए या दोन महिला शास्त्रज्ञांनी एक नवी पद्धत जगापुढे मांडली. तिचे नाव क्रिस्पर. मूळ युक्ती जिवाणूंची आहे. विषाणूने हल्ला केला, की काही जिवाणू त्याच्या डीएनएचा छोटा तुकडा आठवण म्हणून जपून ठेवतात. तोच विषाणू पुन्हा आला, की त्या आठवणीवरून त्याला ओळखतात आणि एका प्रथिनाच्या कात्रीने त्याचा धागा कापतात. या कात्रीला आपण हवा तो पत्ता देऊ शकतो, हे या दोघींनी दाखवले. २०२० साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या कात्रीने सिकलसेलवर उपचार कसा केला, ते ऐका. बाळ आईच्या पोटात असते, तेव्हा त्याच्या रक्तात वेगळ्या प्रकारचे हिमोग्लोबिन असते. जन्मानंतर काही महिन्यांत ते जवळजवळ बंद होते आणि मोठ्यांचे हिमोग्लोबिन सुरू होते. म्हणूनच सिकलसेलचा त्रास बाळाला जन्मतःच होत नाही, काही महिन्यांनी सुरू होतो. शास्त्रज्ञांनी विचार केला, बिघडलेले अक्षर तसेच राहू द्यावे, पण बाळपणीचे हिमोग्लोबिन पुन्हा सुरू करावे. ते बंद करणारी जणू एक कळ जनुकांत असते. रुग्णाच्या रक्तपेशी तयार करणाऱ्या मूळ पेशी शरीराबाहेर काढतात. क्रिस्परच्या कात्रीने ती कळ निकामी करतात. त्यानंतर तीव्र औषधे देऊन रुग्णाच्या अस्थिमज्जेतील जुन्या पेशी नष्ट करतात आणि सुधारलेल्या पेशी परत शरीरात सोडतात. २०१९ साली अमेरिकेत एका महिला रुग्णावर हा उपचार झाला. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेने 'कॅसजेव्ही' या नावाने त्याला मान्यता दिली. पुरेसा काळ निरीक्षणाखाली राहिलेल्या ३१ रुग्णांपैकी २९ जणांना सलग किमान एक वर्ष वेदनेचा तीव्र झटका आला नाही. वैद्यकशास्त्राच्या इतिहासातील ही मोठी घटना आहे.

परंतु आनंदाबरोबर प्रश्नही आले. पहिला प्रश्न पैशांचा. अमेरिकेत या उपचाराची किंमत २२ लाख डॉलर ठेवली गेली. त्या वेळच्या दराने ते सुमारे १८ कोटी रुपये होतात. शिवाय त्यासाठी मोठे रुग्णालय, कित्येक आठवड्यांचा मुक्काम आणि कडक औषधांचा त्रास, हे सारे आलेच. सिकलसेलचे रुग्ण प्रामुख्याने आफ्रिकेत आणि भारतातील गरीब वस्त्यांत आहेत. ज्यांना गरज सर्वांत जास्त, त्यांच्यापासून औषध सर्वांत दूर, असे होऊ नये. आपल्या देशात दिल्लीच्या आयजीआयबी या संस्थेतील शास्त्रज्ञ कमी खर्चाचा उपचार तयार करण्यासाठी झटत आहेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यांच्या उपचाराची घोषणा झाली आणि त्याला आदिवासी वीर बिरसा मुंडा यांच्या नावावरून 'बिरसा १०१' असे नाव देण्यात आले.

दुसरा प्रश्न मर्यादेचा. वर सांगितलेल्या उपचारात रुग्णाच्या रक्ताच्या मूळ पेशी बदलतात. तो बदल त्याच्या मुलांपर्यंत जात नाही. पण गर्भाच्या अगदी पहिल्या अवस्थेत अक्षर बदलले, तर तो बदल पुढच्या सर्व पिढ्यांत जाऊ शकतो. नोव्हेंबर २०१८ मध्ये चीनमधील हे जियानक्वी या शास्त्रज्ञाने जाहीर केले, की आपण असे गर्भ बदलले असून त्यांतून जुळ्या मुली जन्मल्या आहेत. एड्सच्या विषाणूपासून त्या सुरक्षित राहाव्यात, हा आपला हेतू असल्याचे त्याने सांगितले. जगभरच्या शास्त्रज्ञांनी त्याचा निषेध केला. त्या विषाणूपासून वाचण्याचे इतर सोपे उपाय उपलब्ध होते. कात्री चुकीच्या ठिकाणी चालली तर काय, याची खात्री नव्हती. आणि ज्यांचे आयुष्य बदलले, त्या मुलींना कोणी विचारलेही नव्हते. डिसेंबर २०१९ मध्ये चीनच्या न्यायालयाने त्याला तीन वर्षांची कैद सुनावली.

काही लोक म्हणतात, ज्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या गंभीर आजार आहे, त्यांना या ज्ञानाचा लाभ का मिळू नये? दुसरे म्हणतात, आज आजार, उद्या उंची, परवा रंग. श्रीमंतांची मुले मागणीप्रमाणे घडवली जातील आणि माणसामाणसांत नवी भिंत उभी राहील. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे. महाराष्ट्राला तर याचा अनुभव आहे. गर्भातील आनुवंशिक आजार ओळखण्यासाठी आलेल्या तपासण्या लोकांनी गर्भ मुलीचा आहे का, हे पाहण्यासाठी वापरल्या आणि कितीतरी मुली जन्मालाच आल्या नाहीत. हे थांबवण्यासाठी १९८८ साली महाराष्ट्राने कायदा केला. त्यानंतर १९९४ साली संपूर्ण देशासाठी कायदा झाला. सुरी भाजी चिरते आणि बोटही कापते. ती कोणाच्या हातात आहे, हे महत्त्वाचे.

तिसरा प्रश्न आपल्या घरातला आहे. तो मी त्याच मुलाच्या घरी पाहिला. मुलाचा आजार कळल्यावर घरातील सर्वांचे रक्त तपासले. त्याची मोठी बहीण वाहक निघाली. तिचे लग्न आतेभावाशी ठरले होते. नात्यात लग्ने करण्याची रीत आपल्याकडे आहे आणि महाराष्ट्रातील इतरही अनेक समाजांत मामेबहीण-आतेभावाची लग्ने होतात. पण एका घराण्यात एखादे बदललेले जनुक असेल, तर ते नात्यातील दोघांकडेही असण्याची शक्यता वाढते. डॉक्टरबाईंनी मुलाचेही रक्त तपासायला सांगितले. तोही वाहक निघाला.

घरात चिंता पसरली. एक वडीलधारे नातेवाईक म्हणाले, "ही गोष्ट बाहेर कळली, तर मुलीला कोण करून घेईल?" तेव्हा डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या, "चाचा, मुलगी आजारी नाही. तिच्यात काही उणीव नाही. फक्त दोन वाहकांनी लग्न केलं, तर मुलाला आजार होण्याची भीती असते. निर्णय तुम्ही घ्या. पण माहिती लपवून घेऊ नका." दोन्ही घरांनी आपसांत विचार केला आणि मनात कटुता न ठेवता लग्न थांबवले. पुढे त्या मुलीचे लग्न दुसऱ्या घरी झाले. मुलाकडच्यांना सारे आधीच सांगितले होते. त्या मुलाने स्वतः जाऊन रक्त तपासून घेतले. त्याचे रक्त निर्दोष होते. आतेभावाचेही चांगले झाले.

हे सगळे घडवून आणायला कोट्यवधी रुपये लागले नाहीत. रक्ताचे काही थेंब लागले आणि खरे बोलण्याचे धैर्य लागले. जुलै २०२३ मध्ये केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. त्यात ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे आणि २०४७ पर्यंत हा आजार दूर करण्याचे उद्दिष्ट आहे. पण कागद हाती आल्यावर समाज वाहकाकडे बोट दाखवू लागला, तर तपासणीला कोण येईल? १९९७ साली युनेस्कोने मानवी जनुकांविषयी एक जाहीरनामा स्वीकारला. कोणाच्याही जनुकांवरून त्याच्याशी भेदभाव करू नये, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. हा नियम सरकारांसाठी आहे, तसाच तो आपल्या मोहल्ल्यासाठी आणि वर्गासाठीही आहे.

तो मुलगा पुढे दहावी उत्तीर्ण झाला. तो डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज हायड्रॉक्सियुरियाची गोळी घेत असे. तिच्यामुळे बाळपणीचे हिमोग्लोबिन काही प्रमाणात वाढते आणि वेदनेचे झटके कमी येतात. तो भरपूर पाणी पीत असे, थंडीत अंग झाकून ठेवत असे. त्याच्या दप्तरात पाण्याची बाटली नसली, तर शेजारचा मुलगा स्वतःची पुढे करायचा. एके काळी हाच वर्ग त्याला हसला होता.

मित्रांनो, माणसाच्या मजकुरातील तीनशे कोटी अक्षरे आज आपण वाचू शकतो आणि त्यांतील काही बदलूही शकतो. तुमच्यापैकी कोणी उद्या डॉक्टर होईल, कोणी प्रयोगशाळेत काम करेल, कोणी कायदे करणाऱ्यांना निवडून देईल. कोणते अक्षर बदलावे, कोणते बदलू नये आणि औषध कोणाच्या दारापर्यंत पोहोचावे, हे तुम्हांलाच ठरवायचे आहे. ते ठरवताना एवढे लक्षात ठेवा, की एका अक्षरावरून अख्ख्या माणसाची किंमत करता येत नाही. मी एकदा ती चूक केली होती. तुम्ही करू नका.